‘सरकार चुकलं’ आणि ‘सरकारनेच घडवलं’ : फरक कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मावसभाऊ तुम्हाला ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याबद्दलचे व्हिडिओ पाठवतो आणि ‘हे अमेरिकी सरकारनेच घडवलं’ म्हणतो. तुम्हाला ते पटत नाही. पण तुम्ही नाही म्हटलं की तो विचारतो, ‘इराकबद्दल हेच सरकार खोटं बोललं, हे तर तूच मला सांगत होतास ना?’ आणि तिथे तुम्ही अडता. दहशतवादी हल्ल्यानंतर सरकारवर होणारी कठोर टीका आणि कटाच्या कहाण्या यांत फरक आहे हे जाणवतं, पण तो बोट ठेवून दाखवता येत नाही.

भावाचा प्रश्न रास्त आहे, हे आधी मान्य करून टाका. ‘छे, काहीतरीच काय’ हे त्याचं उत्तर नव्हे.

मी बरीच वर्षं वृत्तपत्राच्या संपादकीय पानाचं काम पाहिलं. बाहेरून येणारे लेख वाचायचे, तपासायचे, घ्यायचे की परत करायचे ते ठरवायचं. जगात कुठेही मोठा हल्ला झाला की पुढचे काही आठवडे त्यावरच्या लेखांची रीघ लागे. अत्यंत संयत भाषेतले, तळटीपांनी सजलेले, पण बिनबुडाचे लेख त्यात असत. रागाने थरथरत लिहिलेले, पण प्रत्येक ओळ पक्की असलेले लेखही असत. त्यामुळे भाषेचा तिखटपणा किंवा आरोपाचा आकार यांवर मी कधी निर्णय सोपवला नाही. ‘सरकार असं करूच शकत नाही’ हा निकष तर मी केव्हाच मोडीत काढला, कारण तो खोटा आहे.

उदाहरणंच बघा. १० जुलै १९८५ ला न्यूझीलंडच्या ऑकलंड बंदरात पर्यावरणवादी संघटना ग्रीनपीसचं ‘रेनबो वॉरियर’ हे जहाज दोन स्फोटांनी बुडालं आणि एक छायाचित्रकार मेला. बॉम्ब फ्रान्सच्या गुप्तहेर खात्याने लावले होते. फ्रान्सने आधी कानावर हात ठेवले, पण सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री शार्ल एर्न्यू यांना राजीनामा द्यावा लागला आणि पंतप्रधान लोराँ फाबियुस यांनी जाहीर कबुली दिली. दुसरं उदाहरण १९६२ चं. अमेरिकेच्या सैन्यप्रमुखांनी संरक्षणमंत्र्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला होता, ‘ऑपरेशन नॉर्थवुड्स’ नावाचा. आपल्याच शहरांत घातपात घडवून त्याचं खापर क्युबावर फोडायचं आणि युद्धाला निमित्त मिळवायचं, अशी ती कल्पना. केनेडी सरकारने ती स्वीकारली नाही. कागद १९९७ मध्ये उघड झाले.

भाऊ ही उदाहरणं तुमच्या तोंडावर फेकणारच, तेव्हा ती तुम्हीच आधी देऊन टाका. फक्त ती बाहेर कशी आली ते बरोबर सांगा. ऑकलंडमध्ये बंदराजवळच्या पहारेकऱ्यांनी एका भाड्याच्या गाडीचा नंबर टिपून ठेवला होता. पोलीस त्या नंबरावरून एका जोडप्यापर्यंत पोहोचले, त्यांचे स्विस पासपोर्ट बनावट निघाले आणि दोघं फ्रान्सचे हेर ठरले. नॉर्थवुड्सच्या बाबतीत सह्यांचा, तारखेचा कागद आहे. म्हणजे खऱ्या कटांना नंबर असतात, नावं असतात, मर्यादा असतात.

आता मुद्द्याचं. एखाद्या हल्ल्याबद्दल सरकारवर आरोप करणारा मजकूर हातात आला की मी त्यात चार वाक्यं शोधायचो. पहिलं : सरकारला इशारे मिळाले होते, त्याने हलगर्जीपणा केला. दुसरं : हल्ल्यानंतर सरकारने त्याचा फायदा उठवून, आधीपासून मनात असलेलं काहीतरी करून घेतलं. तिसरं : सरकारला हल्ला होणार हे माहीत होतं आणि त्याने तो मुद्दाम होऊ दिला. चौथं : सरकारनेच तो घडवला.

ही चार वाक्यं एकमेकांची सौम्य आणि तीव्र रूपं वाटतात. तशी ती नाहीत. ते चार वेगळे आरोप आहेत आणि प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो. कटाची कहाणी बहुतेक वेळा जन्माला येते ती कुणीतरी पहिल्या दोन वाक्यांचा पुरावा चौथ्यासाठी उसना घेतो तेव्हा. तुमचा भाऊ नेमकं हेच करतोय. इराकबद्दलचं खोटं हा दुसऱ्या वाक्याचा पुरावा आहे आणि तो ते चौथ्या वाक्याच्या नावावर खर्च करतोय.

११ सप्टेंबरलाच हे लावून पाहू. पहिल्या वाक्याचा पुरावा भरभक्कम आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या राष्ट्राध्यक्षांसाठीच्या दैनिक टिपणाचं शीर्षकच ‘बिन लादेन अमेरिकेत हल्ला करण्याच्या निर्धारात’ अशा अर्थाचं होतं. त्याहून गंभीर गोष्ट नवाफ अल-हझमी आणि खालिद अल-मिहधार या दोन अपहरणकर्त्यांची. जानेवारी २००० मध्ये क्वालालंपूरला अल-कायदाच्या लोकांची बैठक झाली, तिच्यावर सीआयएची नजर होती. मिहधारकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हे सीआयएला तेव्हाच कळलं होतं. हझमी विमानाने लॉस एंजेलिसला उतरला हे त्याच वर्षी मार्चमध्ये कळलं. तरी त्यांची नावं पाळत-यादीत गेली ती ऑगस्ट २००१ च्या अखेरीस. दोघंही पेंटागॉनवर आदळलेल्या विमानात होते. शिवाय जुलैमध्ये एफबीआयच्या फीनिक्स कार्यालयातून विमानप्रशिक्षण शाळांबद्दल इशारा गेला होता आणि ऑगस्टमध्ये मिनेसोटात विमान चालवायला शिकणारा संशयित झकारियास मुसावी पकडला गेला होता. तुकडे वेगवेगळ्या टेबलांवर पडून होते, कुणी ते जोडले नाहीत. हे सगळं सरकारी चौकशीतूनच नोंदलं गेलंय. हे म्हणायला कारस्थानवादी असावं लागत नाही.

दुसऱ्या वाक्याचा पुरावाही तसाच पक्का. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत इराककडच्या महासंहारक अस्त्रांची मांडणी केली, मार्चमध्ये आक्रमण झालं आणि अस्त्रांचे साठे सापडले नाहीत. ब्रिटनमध्ये जुलै २००२ च्या एका गोपनीय टिपणात, गुप्तवार्ता आणि तथ्यं धोरणाच्या मापाने बेतली जाताहेत, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते २००५ मध्ये वर्तमानपत्रात आलं. इराक युद्धाच्या ब्रिटिश चौकशीच्या, २०१६ च्या चिलकॉट अहवालाने म्हटलं की अस्त्रांबद्दलचे अंदाज जितक्या खात्रीने मांडले, तितकी खात्री मुळात नव्हती. इराक युद्धाला ‘खोटेपणावर उभं राहिलेलं युद्ध’ म्हणणारा लेख माझ्या टेबलावर आला असता तर मी तो कात्री न लावता घेतला असता.

आणि नेमकं इथे पाय घसरतो. ‘ज्याला फायदा झाला त्यानेच केलं असणार’ ही उडी ऐकायला तर्कशुद्ध वाटते. पण मोठ्या हल्ल्याचा फायदा कुणी ना कुणी उठवतोच. सत्ताधारी उठवतात, विरोधक उठवतात, शस्त्र विकणारे उठवतात, प्रसारमाध्यमं उठवतात. फायद्याने फार तर हेतू दिसतो, हात दिसत नाही. तपासाला सुरुवात करण्यासाठी हेतू उपयोगी, शेवट करण्यासाठी नाही.

तिसऱ्या वाक्यावर मात्र मी थोडा थांबेन, कारण खरा धूसर प्रदेश तिथे आहे. रिचर्ड क्लार्क हे त्या काळात व्हाइट हाऊसमध्ये दहशतवादविरोधी कामाचे प्रमुख होते. २०११ मध्ये उघड झालेल्या एका मुलाखतीत त्यांनी शंका मांडली की हझमी आणि मिहधार यांना आपले खबरे बनवण्याचा सीआयएचा प्रयत्न असावा आणि म्हणून त्यांची माहिती मुद्दाम दडवली गेली असावी. सीआयएचे तेव्हाचे प्रमुख जॉर्ज टेनेट आणि त्यांचे सहकारी यांनी हे साफ फेटाळलं. क्लार्क यांची शंका सिद्ध झालेली नाही. तरी तिला मी गंभीर टीका म्हणेन. ते कुणाबद्दल बोलतात, कोणत्या कार्यालयाबद्दल, कोणत्या काळातल्या कोणत्या माहितीबद्दल, हे सगळं नेमकं आहे. उद्या कागद उघडले तर ती खरी ठरेल किंवा पडेल. आणि मुख्य म्हणजे ते जिथे पुरावा संपतो तिथे थांबतात. ‘सीआयएला हल्ला हवा होता’ असं ते म्हणत नाहीत. आरोप अप्रमाणित असूनही गंभीर असू शकतो, हे नवख्या उपसंपादकांना पटवायला मला नेहमी कष्ट पडत. त्यांना एकतर सिद्ध झालेलं हवं असे, नाहीतर कचऱ्याच्या पेटीतलं.

चौथ्या वाक्याचे समर्थक बहुतेक वेळा एक वेगळा मार्ग धरतात. ते स्वतःची गोष्ट सांगत नाहीत, सरकारच्या गोष्टीतली भोकं दाखवतात. आणि भोकं खरंच असतात. ७ जुलै २००५ च्या लंडनमधल्या स्फोटांत ५२ निरपराध माणसं मेली. पुढच्या वर्षी आलेल्या सरकारी अहवालात हल्लेखोर ल्यूटनहून सकाळी ७.४० च्या गाडीने निघाले असं छापलं होतं. त्या दिवशी ती गाडी रद्द झाली होती! ही चूक सरकारबाहेरच्या लोकांनी शोधली आणि गृहमंत्र्यांना संसदेत दुरुस्ती करावी लागली की गाडी ७.२५ ची होती. शोधणाऱ्यांना याचं पूर्ण श्रेय द्यायला हवं. पण ‘अहवालात गाडीची वेळ चुकली’ इथून ‘ती चौघं गाडीत नव्हतीच’ इथपर्यंत जायला रस्ता नाही. ती माणसं ल्यूटन स्थानकात शिरताना कॅमेऱ्यात दिसतात.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर संकुलातल्या सातव्या इमारतीचंही तसंच. तिच्यावर विमान आदळलं नव्हतं आणि ती संध्याकाळी कोसळली, म्हणून ती सगळ्या व्हिडिओंची लाडकी. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २००८ च्या मसुद्यात इमारत मुक्तपतनाने, म्हणजे मधे कसलाच अडथळा नसल्यासारखी, पडली हे मानलं नव्हतं. एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने चित्रफितीवरून मोजून आक्षेप घेतला. नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात संस्थेने मान्य केलं की कोसळताना सुमारे सव्वादोन सेकंद ती मुक्तपतनाने खाली आली. म्हणजे टीका बरोबर होती, अहवाल सुधारला. मात्र तेवढ्यावरून स्फोटकं सिद्ध होत नाहीत. शेजारचा मनोरा पडताना लागलेल्या आगी पाणीपुरवठा तुटल्यामुळे तासन्‌तास जळत राहिल्या, उष्णतेने तुळया प्रसरण पावल्याने आतल्या एका कळीच्या खांबाचा आधार सुटला, आतला सांगाडा ढासळला आणि मग बाहेरचं कवच आधाराविना खाली आलं, या स्पष्टीकरणात ते सव्वादोन सेकंद बसतात. स्फोटकांचं स्पष्टीकरण द्यायचं तर वापरात असलेल्या इमारतीत ती कुणी, कधी, कशी लावली आणि खांब उडवणाऱ्या स्फोटांचा कानठळ्या बसवणारा आवाज कोणत्याच ध्वनिमुद्रणात का नाही, हे सांगावं लागतं. तिथे शांतता असते, किंवा नवं भोक दाखवलं जातं.

माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगायचो : लेखकाला परत फोन करा आणि त्याच्या लेखातला एक मुद्दा चुकीचा आहे हे पुराव्यानिशी दाखवा. मग तो काय करतो ते बघा. गंभीर टीकाकार चिडतो, वाद घालतो, पण शेवटी ती ओळ काढतो किंवा बदलतो, आणि बदलाचा त्याच्या निष्कर्षावर परिणाम होतो. दुसऱ्या जातीचा लेखक ओळ अगदी आनंदाने काढतो, तिच्या जागी दुसरी घालतो आणि निष्कर्ष तसाच ठेवतो. त्याचा निष्कर्ष कुठल्याच ओळीवर टेकलेला नव्हता. या एका फोनइतकी भरवशाची चाचणी मला दुसरी सापडली नाही.

हीच चाचणी सरकारलाही लावा, नाहीतर तुमचा भाऊ तुम्हाला पक्षपाती म्हणेल आणि ते खरं असेल. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामागे इराकचा हात असल्याचं सूचित करणं हीसुद्धा कटाची कहाणीच होती, फक्त ती सत्तेच्या व्यासपीठावरून आली. अपहरणकर्त्यांचा म्होरक्या मोहम्मद अत्ता प्रागमध्ये इराकी हेराला भेटला, ही गोष्ट उपाध्यक्ष डिक चेनी यांनी दूरचित्रवाणीवर उचलून धरली. ११ सप्टेंबरच्या चौकशी आयोगाला त्या भेटीला आधार सापडला नाही. स्पेनमध्ये ११ मार्च २००४ ला माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले. तीन दिवसांवर निवडणूक होती आणि सरकारने बास्क प्रांताच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या सशस्त्र संघटनेकडे, ‘एटा’कडे, बोट दाखवलं. न फुटलेल्या एका पिशवीतल्या मोबाईलवरून तपास दुसऱ्याच दिशेला गेला तरी एटाचा धागा सोडवेना. सरकार गेलं, पण एटाची कहाणी काही वर्तमानपत्रांनी पुढे कित्येक वर्षं जिवंत ठेवली. २००७ च्या निकालात न्यायालयाला एटाचा सहभाग दिसला नाही. आपल्याकडचं उदाहरण अक्षरधामचं. २००२ च्या त्या हल्ल्यात सहा जणांना दोषी ठरवलं गेलं, उच्च न्यायालयात शिक्षा कायम झाली आणि मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं, तपासावर कडक ताशेरे ओढले. त्या मधल्या वर्षांत ‘यांना गोवलंय’ म्हणणाऱ्यांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना करा. ते टीकाकार हल्लाच खोटा होता असं म्हणत नव्हते. हल्ला खरा, मेलेली माणसं खरी, पकडलेले चुकीचे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ‘तुम्ही कटाच्या कहाण्या रचताय’ हा शिक्का टीका गप्प करायलाही वापरतात, म्हणून तो मारताना हात जपून उचलावा.

एक खूण मात्र अशी आहे की ती दिसली की मी पुढे वाचतच नसे. आरोप एखाद्या कार्यालयावरून उठून एखाद्या समाजावर बसला की संपलं. ११ सप्टेंबरनंतर काही दिवसांतच ‘चार हजार ज्यू त्या दिवशी कामावर आलेच नाहीत’ ही अफवा पसरली. मनोऱ्यांत ज्यू माणसं मेली, मोठ्या संख्येने मेली, त्यांची नावं स्मारकावर कोरलेली आहेत. टीकेला जबाबदार माणूस हवा असतो, ज्याला प्रश्न विचारता येईल, पदावरून काढता येईल, कोर्टात खेचता येईल. समाजाला यातलं काही करता येत नाही, त्याचा फक्त द्वेष करता येतो.

याउलट मृतांच्या नातेवाइकांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. बुश सरकारला स्वतंत्र चौकशी आयोग नको होता. तो नेमला गेला त्यात न्यू जर्सीतल्या चार विधवांनी आणि इतर कुटुंबांनी लावून धरलेल्या पाठपुराव्याचा मोठा वाटा होता. त्यांचे प्रश्न कुठल्याही व्हिडिओपेक्षा बोचरे होते : कुणाला, किती वाजता, काय कळलं आणि त्याने पुढे कुणाला सांगितलं? आयोगाचा अहवाल जुलै २००४ मध्ये आला. तोही अंतिम सत्य म्हणून वाचू नका. कैद्यांच्या चौकशीच्या चित्रफिती सीआयएने आयोगाला कळू दिल्या नाहीत आणि नंतर नष्ट केल्या. ते उघड झाल्यावर आयोगाच्या अध्यक्ष आणि उपाध्यक्षांनीच जाहीर लिहिलं की आमच्या कामात अडथळा आणला गेला.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, तेही सांगतो. हल्ल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत कुणाचंच म्हणणं धड पारखता येत नाही. तेव्हा मी ‘सरकारने अमुक सांगितलं’ आणि ‘अमुक घडलं’ ही दोन वाक्यं वेगळी ठेवण्यापलीकडे जात नसे. जिथे न्यायालयं दबावाखाली आहेत आणि कागद कधीच बाहेर येत नाहीत, अशा देशातल्या टीकाकाराकडे लंडन-वॉशिंग्टनसारखे दस्तऐवज मागणं अन्यायाचं आहे. तिथे साक्षीदारांची एकमेकांशी जुळणारी स्वतंत्र कथनं, रुग्णालयाच्या नोंदी, पत्रकारांनी वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या गोष्टी यांवर काम चालवावं लागतं. निकष सैल होत नाही, पुराव्याचा प्रकार बदलतो. आणि सांगणारा माणूस कोण आहे यावरही बरंच असतं. ज्याच्या घरच्या माणसाला खोट्या गुन्ह्यात वर्षानुवर्षं आत ठेवलं, त्याला सगळंच कारस्थान वाटलं तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. त्याची केस आधी ऐकेन.

आता भावाशी कसं बोलायचं. व्हिडिओला व्हिडिओने उत्तर देऊ नका, ते कधी संपत नाही. त्याला विचारा, चारपैकी तुझं वाक्य कोणतं? बहुधा तो ‘सगळीच’ म्हणेल. मग पहिली दोन त्याला देऊन टाका, सहमत व्हा, तपशिलासह. त्याच्याजवळ असलेल्यापेक्षा चांगला पुरावा तुम्ही द्या. हवा तर आयोगाच्या अहवालाचं आठवं प्रकरण एकत्र वाचा, २००१ च्या उन्हाळ्यात इशारे कसे येत होते आणि कसे विरत गेले त्याबद्दलचं. त्यानंतर चौथ्या वाक्याकडे वळा आणि म्हणा, यासाठीचा पुरावा या दोघांतून न घेता दे.

तो कदाचित ‘२८ पानां’चं नाव काढेल. अमेरिकी संसदेच्या २००२ च्या चौकशी अहवालातली २८ पानं अनेक वर्षं गुप्त होती, ती जुलै २०१६ मध्ये खुली झाली. दडवली होती म्हणजे त्यात स्फोटक काहीतरी असणार, असा सगळ्यांचा समज होता. ती उपलब्ध आहेत, फार मोठी नाहीत, वाचायला बसा. काही अपहरणकर्त्यांचा सौदी सरकारशी संबंध असू शकेल अशा व्यक्तींशी संपर्क आणि त्यांच्याकडून झालेली मदत, असे धागे त्यात आहेत, बहुतेक अर्धवट तपासलेले. सौदी अधिकाऱ्यांबद्दल प्रश्न विचारायला ती पानं पुरेशी आहेत, आणि ते प्रश्न गंभीर आहेत. ते धागे तपासायला अमेरिकी यंत्रणा कमी पडल्या, म्हणून ती पहिल्या वाक्यालाही बळ देतात. पण भावाच्या आवडत्या चौथ्या वाक्याच्या ती विरोधात जातात. हल्ला वॉशिंग्टननेच घडवला असेल, तर सॅन दिएगोत घर शोधायला अपहरणकर्त्यांना दुसऱ्या कुणाची मदत का लागावी?